नकाशाची लायब्ररी कोण उडवतंय?

आमच्या ऑफिसात माणसं चार आणि ऑपरेटिंग सिस्टीम तीन. किस्से साठायला याहून जास्त काही लागत नाही हो. मी काही लिहून ठेवत नाही, पण कोणी चहाला बसलं आणि एक सांगायला घेतला, की त्याच्या मागून दुसरा आलाच. बायको म्हणते, तुमचे सगळे किस्से एकाच जागी येतात, तुम्ही कोणावर कसा संशय घेतलात तिथे. असेल बुवा. पंधरा वर्षं मुंबईत आयटीत काढून मी रत्नागिरीला परत आलोय. देवळाबाहेर चप्पल काढली तरी माझं अर्धं लक्ष चपलेत असतं.

आधी माणसं सांगतो. मी सुर्वे, प्रोग्रामर. मालक मुकादमसाहेब, मूळचे मिरकरवाड्याचे. घरात दोन पिढ्यांच्या बोटी, पण यांना स्वतःला बोट लागते, म्हणून सॉफ्टवेअरकडे वळले. पाटकरकाका म्हणजे शटर उघडण्यापासून गिऱ्हाइकाकडे जाऊन अडकलेला प्रिंटर सोडवण्यापर्यंत सगळं. आणि चौथी प्रज्ञा कांबळे, लांज्याकडची. शिमग्यानंतर लागली. सहा महिने ट्रायल, मग साहेबांच्या सहीचं पत्र, मग नोकरी पक्की.

प्रज्ञा आधी पुण्यात चांगल्या कंपनीत होती. गावी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून ही परत आली आणि शहरात खोली घेऊन आईला जवळ ठेवलंन. इथलं काम पक्कं झालं नाही तर पुन्हा पुणं, आणि मग आईला कोणाच्या भरवशावर ठेवायचं? हे तिने मुलाखतीतच सरळ सांगून टाकलं. मला तेव्हाच शंका आली. पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीत कोण येतं? मी आलो होतो, पण माझं वेगळं.

काम असं, की एका मच्छीमार सोसायटीसाठी आम्ही बोटींच्या नोंदीचा प्रोग्राम केला होता. कुठली बोट कधी बाहेर गेली, वर खलाशी किती, परत आली की नाही. वादळाचा इशारा आला की सोसायटी हीच यादी उघडते. म्हणजे खेळ नाही.

*

पहिला किस्सा साहेबांच्या मॅकचा. मुलीने दुबईहून पाठवलेला. साहेबांनी एके दिवशी कोपऱ्यातल्या लिनक्स मशीनवरचं अख्खं फोल्डर त्यात कॉपी केलं आणि प्रोग्रामवर क्लिक, क्लिक, क्लिक. काही नाही.

प्रज्ञाला बोलावणं गेलं. साहेबांचा मुद्दा बिनतोड होता. लिनक्स आणि मॅक एकाच घराण्यातले, असं चहाच्या वेळी तीच बोलली होती. मग घराण्यातलं घराण्यात का चालेना?

तिने नीट समजावलं. प्रोग्राम एकटा नसतो. त्याला लागणारं बरंचसं काम वेगळ्या फायलींत बांधून ठेवलेलं असतं, आणि चार प्रोग्राम तीच फाइल वापरतात. तिला म्हणायचं शेअर्ड लायब्ररी. आपली लायब्ररी लिनक्ससाठी बांधलेली आहे, मॅक तिला हातही लावणार नाही, त्याच्यासाठी वेगळी बांधावी लागेल.

ती गेली आणि साहेब माझ्याकडे वळले. "सुर्वे, खरं बोलतेय ना? की कुलूप घातलंन?"

ती शंभर टक्के खरं बोलत होती आणि मला ते माहीत होतं. मी काय म्हणालो? "बघतो."

त्या 'बघतो'ची मला आजही लाज वाटते.

*

मग मे महिन्यातला. सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. माणूस शांत होता, आणि तोच माणूस शांत असला की भीती वाटते.

"सुर्वे, माझ्या खिडकीसमोर बोट बांधलेली आहे. खलाशी जाळी शिवत बसलेत. तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, ती समुद्रात आहे. आता खरं कोण, बोट की तुम्ही?"

झालं असं होतं. प्रोग्राममध्ये 'आजची यादी' नावाची खरी यादी नसतेच. ती नुसती पाटी असते. दुकान हलवल्यावर जुन्या दारावर लावतात ना, 'आम्ही पलीकडच्या गल्लीत आहोत', तशी. लिनक्समध्ये तिला सिम्बॉलिक लिंक म्हणतात. रोज सकाळी प्रोग्राम पाटी फिरवतो आणि ती त्या दिवसाच्या यादीकडे बोट दाखवते.

सोसायटीचा कॉम्प्युटर विंडोजचा. तिथे पहिल्यांदा सगळं बसवताना फोल्डर पेन ड्राइव्हवरून नेलं होतं. पेन ड्राइव्हवर असली पाटी ठेवताच येत नाही. मग कॉपी करताना पाटीच्या जागी त्या दिवसाची, म्हणजे मंगळवारची, अख्खी यादी येऊन बसली. पुढे रोज नव्या याद्या नेटवरून तिथे पोचत होत्या, पण स्क्रीनवर चार दिवस मंगळवारच.

सेक्रेटरीला हे पटेना. त्याचं म्हणणं, कोणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही मुद्दाम ती बोट समुद्रात दाखवतोय. कोणाच्या, ते तो सांगेना. "तुम्हाला माहीत आहे," एवढंच. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर मी साहेबांकडे एकदा निरखून बघितलंच.

प्रज्ञा मिरकरवाड्याला, सोसायटीच्या ऑफिसात गेली. विंडोजवर तशी पाटी तिथल्या तिथे करता येते, पण त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. तिने सेक्रेटरीकडे मागितला. सेक्रेटरीने मला फोन लावला, तिच्यासमोरच. ही पोरगी पासवर्ड मागतेय, द्यायचा का?

मी म्हटलं, थांबा, मी येतो. आणि भर दुपारी, उन्हात, स्कूटरवरून जाऊन मी तो पासवर्ड माझ्या हाताने टाइप केला. तिला तोंड पलीकडे करायला लावून! ती बिचारी खिडकीतून बोटी बघत उभी राहिली.

आता एक राहिलं. पेन ड्राइव्हवर ते फोल्डर कॉपी कोणी केलं होतं? मी. साहेबांना मी काय सांगितलं? पेन ड्राइव्हचा प्रॉब्लेम होता.

*

जूनमध्ये मात्र मला वाटलं, आता सापडली. मी माझ्या विंडोज लॅपटॉपवर तिचा सगळा कोड उतरवून घेतला. लायब्ररीची फाइल बघतो तर साइज वीसेक बाइट. जी फाइल काही एमबीची असायला हवी, ती वीस बाइट! उघडली तर आत एकच ओळ, दुसऱ्या कुठल्या तरी फाइलचं नाव.

मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये. "साहेब, लायब्ररी आतून रिकामी केलीय. माल काढून घेतलाय आणि चिठ्ठी ठेवलीय."

साहेब उभेच राहिले. प्रज्ञाला बोलावलं. तिने स्क्रीन बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की सर, ती लिंकच आहे. विंडोजवर कोड उतरवताना लिंक करायची परवानगी नसेल तर पाटीवरचा पत्ता तेवढा साध्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. खरी फाइल तिच्या खालीच आहे.

होती. खालीच होती. पाच एमबीची. मी यादी पूर्ण खाली सरकवून बघितलीच नव्हती.

साहेब म्हणाले, चहा घ्या सगळ्यांनी. पाटकरकाकांनी चहा आणला आणि मला कप देताना कानात म्हणाले, "सुर्वे, काहीतरी हाय नक्की. तुम्ही लक्ष ठेवा." मला बरं वाटलं. ऑफिसात निदान एक माणूस माझ्यासारखा विचार करणारा होता.

*

जुलैत प्रज्ञाने नवा नकाशा बसवला. बोटी पडद्यावर समुद्रात हलताना दिसायच्या. साहेबांना तो आल्यागेल्याला एका क्लिकवर दाखवायचा होता, म्हणून कोपऱ्यातल्या मशीनच्या डेस्कटॉपवरच तिने त्याचं फोल्डर ठेवलं. नकाशाची लायब्ररी त्यातच. खरी फाइल एक, तिच्या नावात आवृत्तीचा नंबर. आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या छोट्या नावांच्या दोन लिंका, कारण प्रोग्राम त्या नावांनीच हाक मारतो.

आठवड्याभरात सुरू झालं. सकाळी नकाशा उघडायला जावं, तर लायब्ररी सापडत नाही. खरी फाइल जागच्या जागी. दोन्ही लिंका गायब.

प्रज्ञा यायची, दोन मिनिटांत लिंका परत करायची, नकाशा चालू. दुसऱ्या दिवशी परत गायब. परत दोन मिनिटं. तिने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, की सर, कोणीतरी उडवतंय, त्या फोल्डरचे हक्क बदलूया, म्हणजे कोणाला काही काढता येणार नाही.

माझं डोकं कसं चाललं बघा. एक, जिला दोन मिनिटांत जोडता येतं, तिलाच तोडता येत असणार. दोन, आता हिला हक्कपण हवेत! मी म्हटलं, बघतो.

साहेबांनी कॅमेरा बसवला. सरळ तिच्या खुर्चीवर. पाटकरकाकांनीच शिडीवर चढून लावला, आणि खाली उतरून विचारलं, नीट दिसतेय ना ती? रोज संध्याकाळी साहेब आणि मी रेकॉर्डिंग बघत बसायचो. त्यात ती दुपारी एकला डबा खायची, तीनला आईला फोन करून गोळी घेतली का विचारायची. बाकी काम. फक्त एक गोष्ट खटकली. रोज सकाळी आल्या आल्या, खांद्यावरची पिशवीसुद्धा न काढता, ती दोन मिनिटं काहीतरी भराभर टाइप करायची.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"तेच," मी म्हटलं.

ती लिंका जोडत होती हो. आम्ही दोघं शहाणे तिच्या दुरुस्तीलाच पुरावा समजत होतो.

मी दिवसातून तीन-चारदा तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहायचो. तिचा टाइप करायचा वेग तेवढा कमी व्हायचा.

*

गणपती आठवड्यावर आले. ऑफिस पाच दिवस बंद राहणार, त्याआधी तिच्या पत्राचा निकाल लावायचा, असं साहेबांनी ठरवलं होतं. नेमका निकालाच्या दिवशीच सेक्रेटरी सोसायटीची दोन माणसं घेऊन दहालाच हजर, नकाशा बघायला. प्रज्ञा आईला तपासणीसाठी घेऊन गेली होती, अकराला येणार होती, सांगून गेली होती.

नकाशा उघडला नाही. साहेबांनी क्लिक केलं, मी केलं. सेक्रेटरी शांतपणे म्हणाला, "मुकादम, बोटी तरी आहेत ना जाग्यावर?" आणि निघून गेला.

अकराला ती आली तेव्हा साहेब लाल झालेले. म्हणाले, "तुझं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही तेवढी राहिलीय. ती राहीलच असं दिसतंय."

ती खुर्चीच्या पाठीचा दांडा धरून उभी राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. "साहेब, मी तोडत नाही, मी जोडते. दीड महिना रोज जोडतेय आणि दीड महिना सुर्वे सरांना सांगतेय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

तिने दोन दिवस मागितले. त्या फोल्डरला हात लावेल त्याचं नाव आणि वेळ मशीनने आपोआप लिहून ठेवावी, एवढीच व्यवस्था करायची होती. साहेब हो म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी नोंद उघडली. सकाळी आठ एक्केचाळीस. दोन लिंका काढल्या. कोणी? 'सुर्वे'.

साहेबांनी केबिनचं दार लावलं. मी आत, ते आत. मी म्हटलं, साहेब, आठ एक्केचाळीसला मी अंघोळीला असतो. ते म्हणाले, कोणी बघितलंय?

कोपऱ्यातलं मशीन मीच उभं केलेलं, माझ्याच लॉगिनवर दिवसरात्र चालू. मी जगावर संशय घेतो, पण ते मशीन कधी लॉक केलं नाही. पाटकरकाका बाहेर फडकं मारत होते. त्यांनी काचेतून माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. माझा एकुलता एक माणूस, त्यानेही.

दार वाजलं. प्रज्ञा आत आली आणि म्हणाली, की साहेब, सर पावणेदहाच्या आत कधीच येत नाहीत. दीड महिन्यात एकदाही नाही.

मी चमकलो. "म्हणजे तूपण माझ्यावर नजर ठेवून होतीस?"

"दुसरं कोण उरलं होतं सर?"

शटर कोण उघडतं, हा प्रश्न तेव्हासुद्धा आमच्या तिघांच्या डोक्यात आला नाही. शपथेवर सांगतो. साहेब म्हणाले, उद्या सव्वाआठला या, आपण डोळ्यांनी बघू.

*

तर हा शेवटचा. सव्वाआठला आम्ही तिघं समोरच्या टपरीच्या छपराखाली, हातात छत्र्या. साडेआठला पाटकरकाकांनी शटर वर केलं. आत दिवा लागला. आठ-चाळीसला आम्ही चपला बाहेर काढून मांजरासारखे आत शिरलो.

काकांनी मशीनसमोर उदबत्ती लावली होती. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, खुर्चीत बसले, नकाशाचं फोल्डर उघडलं. लायब्ररीच्या तीन फायली. एक साधी. बाकीच्या दोघींवर लिनक्स दाखवतो तसा छोटा बाण, ही लिंक आहे म्हणून. काकांनी त्या दोघी निवडल्या आणि उडवल्या. वर हात जोडले.

"काका, काय करताय?" साहेबांनी विचारलं.

काका दचकले नाहीत. उलट खूश झाले. "बरं झालं आलात साहेब. व्हायरस काढतोय."

मग कळलं. इथे येण्याआधी बारा वर्षं काकांनी एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे चालवला होता. त्या काळात पोरांच्या पेन ड्राइव्हमध्ये तो शॉर्टकटवाला व्हायरस यायचा. खरी फाइल लपवायचा आणि तिच्या जागी बाण असलेली फाइल ठेवायचा. कॉलेजच्या किती पोरांची प्रोजेक्टं काकांनी त्यातून वाचवली, त्याला हिशोब नाही. तेव्हापासून काकांचा नेम एकच, बाण दिसला की उडवायचा. विंडोज असो, लिनक्स असो, बाण तो बाण.

"दीड महिना रोज काढतोय साहेब," काका म्हणाले. "आज काढतो, उद्या परत हजर. आपोआप नाय येत हे. कोणतरी मुद्दाम आणून टाकतंय. मी नाव घेत नाय, पण नकाशा ज्यांनी बसवलान, त्यांना विचारा."

आम्ही दोघं प्रज्ञाकडे वळलो. ती काकांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दीड महिन्याचा थकवा होता नुसता.

"काका," ती म्हणाली, "रोज मीच टाकते."

काकांनी मान डोलावली, हळूहळू.

साहेब केबिनमध्ये गेले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी पत्र त्याच मशीनच्या टेबलावर ठेवलं, सही केली, तारीख घातली आणि तिच्या हातात दिलं. तिने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग दाराशी जाऊन फोन लावला. "आई, पुण्याला नाही जायचं," एवढंच आम्हाला ऐकू आलं. मी तिला काहीतरी म्हणणार होतो. माफी मागायची होती.

तेवढ्यात पाटकरकाकांनी माझा शर्ट धरून मला झेरॉक्स मशीनच्या मागे ओढलं. एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि आवाज अगदी खाली आणला.

"सुर्वे, तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंन. आणि साहेबांनी वर नोकरी पक्की केलीन. साहेबपण आतून सामील हायत काय?"